डोहांच्या वाटेने : वैनगंगेकाठी पाच दिवस

पहिला दिवस : आंभोरा

मृग कोरडा गेला होता. पुनर्वसूचा तरणा पाऊस नुकता सुरू झाला होता आणि कुही तालुक्यातील धानाच्या बांध्यांमध्ये कुठे कुठे पाणी साचू लागले होते. नागपूरहून भाड्याच्या जीपने आंभोऱ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्यांचे, म्हणजे धानाच्या रोपांचे, हिरवे तुकडे दिसत होते. रोवणीला मात्र अजून आठवडाभर अवकाश होता. नदीतला मासाही याच दिवसांत चढतो, म्हणून प्रवासासाठी मी हा आठवडा निवडला होता.

प्रवासाचे कारण एका विद्यार्थिनीच्या प्रश्नात आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना माशांचे स्थलांतर हा भाग मी नेहमी हिल्सा आणि सामन या समुद्रातून नदीत चढणाऱ्या माशांच्या आधाराने शिकवत आले. फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला आणि गंगेतून अलाहाबादपर्यंत चढणारा हिल्सा खाली अडला, हे वाक्य मी कितीतरी वर्षे फळ्यावर लिहिले असेल. मागच्या वर्षी पवनीजवळच्या एका ढिवर, म्हणजे परंपरेने मासेमारी करणाऱ्या, कुटुंबातील मुलीने उभे राहून विचारले, "मॅडम, गोसेखुर्द धरण झाल्यापासून आमच्या घाटावर जो मासा येत नाही, तो या धड्यात का नाही?" मला उत्तर देता आले नाही. तीच मुलगी या पाच दिवसांत माझ्यासोबत होती आणि खरे पाहता वाट तीच दाखवत होती.

आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी आणि मुरझा अशा पाच नद्या एकत्र येतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे आणि २०२४ मध्ये खुला झालेला, दोरखंडांनी तोललेला उंच पूल आता सगळ्यांच्या नजरेत भरतो. पुलाच्या सज्ज्यातून पाणी पाहायला आलेल्या लोकांची गर्दी होती. मी मात्र पुलाखालच्या पाण्याकडे पाहत होते, कारण ते वाहत आहे की थांबले आहे हे वरून कळत नव्हते. गोसेखुर्दच्या जलाशयाचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे साचलेले पाणी, येथवर पोहोचतो. नागपूरचे सांडपाणी घेऊन आलेली नाग नदी कन्हानमार्गे याच पाण्यात मिसळते आणि काठाकाठाने इकॉर्नियाचे, म्हणजे जलपर्णीचे, दाट हिरवे थर साचतात.

मृगळासारखे नदीतले मोठे मासे पहिल्या पुराबरोबर वर चढतात आणि उथळ, पसरलेल्या पाण्यात अंडी सोडतात. ही अंडी काठाला किंवा वनस्पतीला चिकटत नाहीत. ती पाण्याहून किंचित जड असतात आणि वाहत्या पाण्याच्या हेलकाव्यावर तरंगत राहतात. साधारण चौदा ते अठरा तासांत त्यांतून पिल्ले बाहेर पडतात आणि पुढचे दोन-तीन दिवस तीही प्रवाहाच्या आधारानेच खाली सरकतात. म्हणजे अंड्याला पाण्याइतकीच पाण्याच्या गतीचीही गरज असते. वाटेत फुगवट्याचे संथ पाणी लागले की हेलकावा थांबतो, अंडे खाली बसते आणि तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू कमी असतो, तिथे गुदमरते. धरण माशाला अडवते असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर भिंत असते. पण वरून येणाऱ्या अंड्यासाठी धरण भिंतीच्या कितीतरी किलोमीटर आधी, अशा शांत आणि देखण्या ठिकाणी सुरू झालेले असते.

म्हणूनच मी प्रवासाची दिशा मुद्दाम वरून खाली ठेवली होती. चढणीच्या माशांविषयी सगळे बोलतात. उतरणाऱ्या पिल्लांची वाट धरून चालावे आणि तिच्यावर काय काय लागते ते पाहावे, असे मी ठरवले होते.

काठावर डोंगा बांधून बसलेल्या एका वृद्ध ढिवराला मी विचारले, की आता येथे काय मिळते. त्याने टोपलीतले दोन कतला मासे दाखवले आणि म्हणाला, "हा सोडलेला मासा होये जी. नदीचा नाई." सरकारी मत्स्यबीज केंद्रातून आलेले बीज आणि नदीत जन्मलेला मासा यांतला फरक सांगायला त्याला एवढी दोन वाक्ये पुरली. संध्याकाळी पावसाची एक जोरदार सर अंगावर घेतच आम्ही पवनीला पोहोचलो.

दुसरा दिवस : गोसेखुर्द

आज १० जुलै होती. १९५७ मध्ये याच दिवशी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्पची वीण कृत्रिमरीत्या घडवून आणली आणि म्हणून हा दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या शोधाचे मोल मी कमी लेखत नाही. देशभरातील तळ्यांत आज जो मासा वाढतो, तो त्या शोधामुळेच. परंतु त्याच शोधाने एक सोयीचा समजही रुजवला, की नदीची वाट तुटली तरी वर बीज आणून सोडले म्हणजे हिशेब पूर्ण होतो. तळ्यात सोडण्यासाठी तीन-चार जातींचे बीज मिळते. नदीत वाम असते, शिंगाळा असतो, झिंगा असतो, हाताच्या बोटाएवढे कितीतरी मासे असतात, ज्यांचे बीज कोणी तयार करत नाही.

गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरण ११ किलोमीटरांहून अधिक लांब आहे, उंची सुमारे साडेबावीस मीटर आणि सांडव्याला ३३ दारे आहेत. त्याचा मुख्य उद्देश सिंचन असला तरी पायथ्याशी २४ मेगावॉटचे वीजगृहही आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दारे बंद होती. वीजगृहाकडून मात्र पाणी सुटत होते आणि एरवी शांत असलेल्या पात्रात तेवढा एकच पट्टा वाहता होता. जिथवर आम्हाला जाता आले आणि जिथवर नजर पोहोचली, तिथवर माशांसाठी केलेली वेगळी वाट मला दिसली नाही.

धरणावर उभे राहून मी वहीत एक हिशेब मांडला, तो येथे देते, कारण "माशांची शिडी बांधा" असे म्हणणे किती सोपे आणि ती चालवणे किती अवघड, हे त्यातून कळते. शिडी म्हणजे एकावर एक असे पाण्याचे लहान हौद. प्रत्येक हौदातले पाणी खालच्या हौदात पडते आणि मासा त्या धारेविरुद्ध एकेक हौद चढतो. स्कॉटलंडमधील पिटलॉक्री येथे टमेल नदीवरच्या जलविद्युत धरणाला अशी शिडी आहे : ३४ हौद, लांबी ३१० मीटर. ती सामन माशासाठी आहे आणि सामन हा उसळी मारणारा, बळकट मासा आहे. आपल्याकडचे बहुतेक मासे उसळी मारून चढणारे नाहीत; ते पोहत चढतात. दोन हौदांच्या पाण्यात ३० सेंटिमीटरचा फरक ठेवला तर मधल्या फटीतून पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास अडीच मीटर होतो. फरक १० सेंटिमीटरवर आणला तर तो सेकंदाला सुमारे १.४ मीटर राहतो. आपल्या माशांचा विचार करून दुसरा आकडा धरला, तर २० मीटर चढण्यासाठी २०० हौद लागतील आणि प्रत्येक हौद ३ मीटरांचा धरला तरी शिडी ६०० मीटर लांब होईल. शिवाय उभ्या फटींची रचना हवी, म्हणजे तळाने चालणारा शिंगाळा तळाने जाईल आणि वरच्या थरातला मासा वरून. जलाशयाची पातळी ऋतूप्रमाणे खालीवर होते, तेव्हा वरच्या तोंडाला निरनिराळ्या उंचीची दारेही लागतील.

हा हिशेब घाबरवण्यासाठी मांडलेला नाही. ६०० मीटरांचा पाट ही विदर्भात अशक्य गोष्ट नाही. याच धरणाचे कालवे कित्येक किलोमीटर गेले आहेत. ब्राझील आणि पराग्वे यांच्या सीमेवरील इताइपू या महाकाय जलविद्युत प्रकल्पाशेजारी २००२ पासून सुमारे १० किलोमीटर लांबीचा एक पाट माशांसाठी वाहतो आहे. मात्र त्याच ब्राझीलमधील संशोधकांनी नंतर एक गंभीर इशारा दिला : काही शिड्या माशांसाठी सापळा ठरल्या. मासे शिडीने वर गेले, पण वर त्यांना अंडी घालण्याजोगे वाहते पाणी मिळाले नाही, किंवा मिळाले तरी त्यांची अंडी आणि पिल्ले खालच्या संथ जलाशयात बसली आणि परत खाली कोणीच आले नाही. खालची नदी आपले जन्मदाते मासे वर पाठवत राहिली आणि हळूहळू रिकामी झाली. आंभोऱ्याला पाहिलेले थांबलेले पाणी मला येथे पुन्हा आठवले. वरच्या अंगाला नदीचा काही लांब पट्टा मोकळा वाहता असेल, तरच शिडीला अर्थ आहे; म्हणून शिडी बांधण्याआधी जलाशयाच्या वरची वैनगंगा आणि तिच्या उपनद्या किती अंतर न अडता वाहतात, हे मोजले पाहिजे. शेजारच्या पेंच नदीवर तोतलाडोहला १६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे आणि तेथून पुढे कन्हानला येणाऱ्या पाण्याचाही या हिशेबाशी संबंध आहे.

वीजगृहाकडे तोंड करून आम्ही बराच वेळ उभ्या होतो. जलाशयातून खाली यायला माशाला तीन वाटा असतात : सांडवा, कालवा आणि टर्बाइन. कालव्यात गेलेला मासा बहुधा शेतापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. टर्बाइनमधून जाताना पात्यांचा मार हा एक धोका झाला, पण दाबाचा धोका त्याहून लपलेला आहे. पात्यांपर्यंत येताना पाण्याचा दाब वाढतो आणि पात्यांच्या मागे तो क्षणात कोसळतो. माशाच्या पोटातली हवेची पिशवी त्या क्षणी फुगते, कधी फुटते. बोटभर पिल्लू यातून सुटण्याची शक्यता बरी असते, हातभर लांबीच्या मोठ्या माशाची कमी. याला उपाय आहेत. पाणी आत घेण्याच्या तोंडाशी कचऱ्यासाठी जाळी असतेच. तिच्या सळयांमधले अंतर कमी करावे, जाळी प्रवाहाला तिरकी लावावी आणि तिच्या शेवटी एक वेगळी चोरवाट ठेवावी, म्हणजे मासा जाळीला घासत घासत त्या वाटेने खाली उतरतो. जाळीसमोर पाण्याचा वेग माशाच्या ताकदीपेक्षा जास्त असेल तर मात्र मासा जाळीलाच चिकटून मरतो, त्यामुळे जाळीचे क्षेत्रफळ मोठे लागते आणि थोडी वीज कमी होते. ती तूट प्रकल्पाच्या खर्चातच धरली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परतताना विद्यार्थिनीने विचारले, "मग अंडी कुठून जातील, मॅडम? ती तर जाळीतून आत जातील ना?" अंड्यांना जाळी अडवू शकत नाही. त्यांच्यासाठी एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे विणीच्या त्या थोड्या दिवसांत पूर साठवून न ठेवता सांडव्यावाटे जाऊ देणे, जलाशय खालच्या पातळीवर ठेवणे आणि फुगवट्याच्या पाण्याला काही तास तरी गती देणे. पावसाळ्याच्या आरंभी धरण एकदम भरायचे नसतेच. पातळी टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे वेळापत्रक असते. त्या वेळापत्रकात माशांसाठी एक ओळ घालता येणार नाही, असे मला वाटत नाही.

तिसरा दिवस : पवनीच्या खालचे घाट

पवनी हे फार जुने गाव आहे; १९६९-७० च्या उत्खननात येथे बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. नदीकाठची मंदिरे आणि दगडी घाट पाहून आम्ही विद्यार्थिनीच्या गावाकडे गेलो. घरी तिच्या आबाजींनी अंगणात जाळे पसरले होते आणि आजी जाळ्याच्या फाटलेल्या घरांना गाठी मारत होती. चहा झाला, मग जेवणाचा आग्रह झाला. तांदळाची भाकर आणि लाखोळीची डाळ होती. आजी म्हणाली, "झिंगे असते तं तेच केले असते, बाई. पहिले पाव्हना आला का झिंगेच रांधत होतो."

आबाजी सत्तरीच्या पुढचे आहेत. मी वही काढली तेव्हा ते प्रथम संकोचले, पण मासा कुठे थांबतो हा विषय निघताच नदीचा नकाशा त्यांनी मातीत बोटाने काढला. त्यांचे म्हणणे असे : दारे उघडतात तेव्हा मासा धारेच्या मध्यात येत नाही. फेस जिथे उसळतो तिथे तो टिकत नाही. फेसाच्या कडेला, काठालगत, जिथे पाणी फिरून मागे येते, तिथे तो रांगेने उभा राहतो. दारे बंद झाली की तो जागा बदलतो आणि वीजगृहाच्या पाण्याकडे जातो, कारण तेवढेच वाहते असते. "पानी जिकडून येते, तिकडंच मासा तोंड करते जी. थ्याले वाटते, वाट हायेच. पन वाट कुठं हाये?"

शिडीचे खालचे तोंड कोठे असावे, हा अभियांत्रिकीतला सर्वांत कठीण प्रश्न आहे. जगभर अनेक शिड्या निकामी ठरल्या, त्या त्यांचे हौद चुकले म्हणून नव्हे, तर माशाला तोंडच सापडले नाही म्हणून. मोठ्या प्रवाहाच्या तुलनेत शिडीतून येणारी बारीक धार माशाला जाणवत नाही; म्हणून तोंडाशी जास्तीचे पाणी सोडावे लागते आणि ते तोंड नेमके फेसाच्या कडेला, मासा जिथे उभा राहतो तिथे ठेवावे लागते. परदेशात यासाठी माशांच्या शरीरात लहान खुणेचे यंत्र बसवून वर्षानुवर्षे निरीक्षण करतात. येथे चाळीस वर्षांचे निरीक्षण अंगणात बसलेले आहे आणि प्रकल्पाच्या कोणत्याही टप्प्यावर त्यांना कोणी विचारायला आले नाही, असे ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण ते ऐकून मला फार वाईट वाटले.

आजीने सांगितलेली गोष्ट मात्र कोणत्याही शिडीच्या आधी सुधारता येईल अशी आहे. वीजगृहाचे पाणी कधी अचानक बंद होते आणि काठावरची पातळी झरझर उतरते. खडकांमधल्या खळग्यांत बोटभर मासळी अडकते. उन्हात ते पाणी तापते आणि दुपारपर्यंत बगळे, कावळे आणि पोरे मिळून सगळे वेचून नेतात. "एका येळी टोपलंभर मिरते, पन ते पाहून जीव तुटते. थे मोठं झालं असतं." विजेची मागणी वाढली की पाणी सोडायचे आणि घटली की थांबवायचे, ही जलविद्युत केंद्रांची रीतच आहे आणि त्या चढउतारात पिल्ले कोरडी पडणे हा जगभर नोंदला गेलेला परिणाम आहे. पाणी बंद करताना ते एकदम न थांबवता हळूहळू उतरवत न्यावे, म्हणजे पिल्लांना खोल पात्राकडे सरकायला वेळ मिळतो. याला ना काँक्रीट लागते, ना जमीन.

दुपारी आम्ही डोंग्यातून थोडे वर गेलो. धरणाखाली मासा दाटीने उभा राहतो, म्हणूनच तिथे तो सहज मिळतो. अंड्यांनी भरलेली मादी एका फेकजाळ्यात येते. हे थांबवायला हवे, हे आबाजींनाही मान्य होते, पण त्यांनी विचारले, "त्या दोन महिन्यांत खायाचं काय?" प्रश्न रास्त आहे. हीच वैनगंगा वरच्या अंगाला मध्य प्रदेशात सिवनी-बालाघाटमधून वाहते आणि तेथे १६ जून ते १५ ऑगस्ट नदीत मासेमारीला बंदी असते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळात पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना मदत देण्याची तरतूद आहे. धरणाखालचा एक ठरावीक पट्टा विणीच्या काळात राखीव ठेवायचा आणि त्या पट्ट्यावर पोट असलेल्या घरांना ही मदत वेळेवर, बंदी सुरू होण्याआधी पोहोचवायची, या दोन गोष्टी एकत्रच कराव्या लागतील. नुसती बंदी घातली तर ती ज्यांनी नदी अडवली नाही त्यांच्यावरच शिक्षा होईल.

चौथा दिवस : ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली

दिवस प्रवासातच गेला. पावसाने चांगलाच जोर धरला होता आणि वडशाजवळ जीप तासभर थांबवावी लागली. थांबलो तिथे एक माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना, तलाव होता. पाळीवरून चालत आम्ही सांडव्यापाशी गेलो. सांडव्याचे पाणी एका नाल्यात, नाला बांध्यांमध्ये आणि बांध्यांचे पाणी पुढे नदीकडे, अशी ओली वाट अखंड जुळली होती आणि त्या वाटेने डाडक माशांचा एक लहान थवा गवताच्या आधाराने वर सरकत होता. पूर्व विदर्भातील असे हजारो तलाव शतकानुशतके नदीशी याच वाटेने बोलत आले. नाल्यावरच्या रस्त्याच्या मोरीचा नळ मात्र पलीकडे गुडघाभर उंचीवर काढलेला होता, त्यामुळे खालच्या बाजूला पाणी धबधब्यासारखे पडत होते आणि बोटभर माशाला अडवायला ती गुडघाभर उंचीही पुरेशी होती. विद्यार्थिनी भर पावसात उतरून तिथे दगड रचू लागली. मीही पदर खोचला. तासाभरात चार-पाच दगडांचा एक ओबडधोबड उतार तयार झाला. तो पुढच्या पुरात टिकणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते.

पाचवा दिवस : चिचडोह आणि चपराळा

तोतलाडोह, इटियाडोह, चिचडोह. या भागातील धरणांची आणि बंधाऱ्यांची नावे पाहिली की नदीचे जुने शहाणपण दिसते. डोह म्हणजे उन्हाळ्यात नदी आटली तरी न आटणारी खोल जागा; तिथे मोठा मासा चार महिने तग धरतो आणि पहिल्या पुराबरोबर तिथूनच निघतो. डोहांची नावे प्रकल्पांना मिळाली, डोह स्वतः जलाशयांखाली गेले.

चामोर्शीजवळचा चिचडोह बंधारा मला गोसेखुर्दनंतर मुद्दाम पाहायचा होता. पावसाळ्यात येथील दारे पूर्ण वर उचललेली असतात आणि नदी खांबांमधून जवळजवळ आपल्या पातळीनेच वाहते. आम्ही पोहोचलो तेव्हा गढूळ लोंढा दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर होता आणि मासा येथून चढू शकतो, हे सांगायला गणिताची गरज नव्हती. अडथळा येथेही आहे, पण तो दिवाळीच्या सुमारास येतो, जेव्हा पाणी अडवण्यासाठी दारे खाली घेतली जातात. त्या वेळी खाली उतरणाऱ्या जिवांचे काय होते, हे पाहायला आणखी एकदा यावे लागेल.

उतरणाऱ्यांमध्ये सर्वांत लांबचा प्रवासी माझ्या मते झिंगा आहे. गोदावरी खोऱ्यातला हा मोठा नदीझिंगा गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याच्या पिल्लांना जन्मानंतर काही आठवडे खाडीचे मचूळ पाणी लागते. मादी पोटाशी अंडी धरून पुराबरोबर खाली जाते. पिल्ले थोडी मोठी झाली की काठाकाठाने, बहुधा रात्री, ओल्या दगडांना धरून परत वर चढतात. अहीर हा सापासारखा लांब मासा याच्या उलट वागतो : तो वर्षानुवर्षे नदीत वाढतो आणि अंडी घालायला थेट हिंदी महासागरात उतरतो. समुद्राकडून चढणाऱ्या पिल्लाच्या दृष्टीने हा रस्ता पाहिला तर प्रथम लागते धवलेश्वरम, जिथे आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये गोदावरीवर बंधारा पुरा केला, मग ९६० मेगावॉटचा पोलावरम प्रकल्प, ज्याच्या सांडव्यात पुलसा, म्हणजेच गोदावरीचा हिल्सा, डोळ्यांपुढे ठेवून माशांची शिडी आखली गेली आहे, मग दुम्मुगुडेमचा बंधारा, मग सिरोंचाजवळचा ८५ दारांचा मेडीगड्डा बंधारा, ज्याचे काही खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले, आणि एवढे पार केल्यावर वैनगंगेचे पाणी गोदावरीत नेणारी प्राणहिता. आजीच्या चुलीवर झिंगा न येण्याचे कारण गोसेखुर्दच्या भिंतीत आहे, तसेच ते शेकडो किलोमीटर खालीही आहे. पोलावरमची शिडी उत्तम चालली तरी पुढच्या प्रत्येक अडथळ्याला वाट नसेल तर ती वाट मध्येच तुटते. आणि झिंग्याच्या पिल्लाला तर हौदांचीही गरज नाही, भिंतीच्या कडेने सतत ओला राहणारा खडबडीत उतार पुरतो, कारण ते पोहण्यापेक्षा चालत चढते. परदेशात अहिरांच्या पिल्लांसाठी असे ब्रशसारखे तंतू लावलेले उतार वापरतात आणि ते शिडीच्या मानाने फार स्वस्त पडतात.

दुपारनंतर आम्ही चपराळ्याला, वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमावर पोहोचलो. येथून पुढे नदीचे नाव प्राणहिता होते. दोन्ही पाण्यांचे रंग काही अंतर वेगळे दिसत होते आणि पलीकडचा काठ पावसात पुसट झाला होता. मंदिराच्या बाजूने आम्ही पाण्यापर्यंत उतरलो. विद्यार्थिनीने काठाचे तीन-चार दगड उलटून पाहिले आणि चौथ्या दगडाखाली तिला नखाएवढे, काचेसारखे पारदर्शक झिंग्याचे पिल्लू सापडले. ते कोणत्या जातीचे, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येणार नव्हते आणि तिनेही तशी घाई केली नाही. ओंजळीतल्या पाण्यात क्षणभर पाहून तिने ते त्याच दगडाच्या वरच्या अंगाला सोडले.

आबाजींचा फोन आला तेव्हा आम्ही जीपकडे परतत होतो. वरून पाणी वाढले होते, गोसेखुर्दची काही दारे उघडली होती आणि ते घाटावर उभे होते. पावसाच्या आवाजात त्यांचे बोलणे तुटक येत होते. तिने एका हाताने फोन धरला, दुसऱ्या हाताने पिशवीतून वही काढून माझ्याकडे दिली आणि ते सांगतील ते मोठ्याने म्हणू लागली. मी लिहीत गेले : दारे कोणत्या बाजूची, फेस कुठवर, मासा कोणत्या काठाला, कोणता, अंड्याचा की नाही. शेवटच्या रकान्यात पाणी किती वेळात उतरले ते लिहायचे होते. तो रकाना आम्ही मोकळा ठेवला, कारण पाणी अजून चढत होते.